पाट्यावरची ठिगळं

लष्करात माणसाला एक खोड कायमची लागते. दिसेल ते घासून चकचकीत करायचं. हवालदार सोपान पंधरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढून १९७४ साली तासगावला परतला, तो ही खोड बरोबर घेऊनच. आल्या आल्या त्यानं सांगलीच्या छपाईवाल्या नानासोंचं ट्रेडल मशीन विकत घेतलं. पायानं चालवायचं, विलायती, वयानं नानासोंपेक्षाही थोरलं. नानासोंची नजर गेली होती आणि मशीन कोपऱ्यात गंजत पडलं होतं.

सोपानला मशीन हवं होतं त्याला कारण होतं. त्याचं लग्न झालं तेव्हा घरानं बौद्ध धम्म घेऊन सहा वर्षं लोटली होती, तरी नानासोंकडून पत्रिका आल्या त्या माथ्यावर 'कुलदैवत प्रसन्न' घेऊनच. ती ओळ नको म्हणून बजावलं होतं, पण जुळवून ठेवलेला साचा मोडतो कोण? मग वडिलांनी ओट्यावर बसून तीनशे पत्रिकांवरची ओळ पेनानं एकेक करून खोडली. धाकट्या बहिणीची, अंजनाची पत्रिका खोडाखोडीशिवाय जाईल आणि आपल्याच हातची जाईल, असं सोपाननं तेव्हाच मनाशी धरलं होतं.

तीन महिने त्याचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. एकेक भाग सुटा करून रॉकेलमध्ये बुडवला, दांड्यांभोवतीच्या झिजलेल्या कड्या, म्हणजे बुश, साताऱ्याच्या एका जुन्या सोबत्याकडून लेथवर करून आणले. छापताना कागद ज्याच्यावर टेकतो त्या लोखंडी पाट्यावर कागदाचे बारीक तुकडे थरावर थर चिकटले होते. एवढा नावाजलेला छपाईवाला आणि इतका गबाळा, असं म्हणत सोपाननं ते गरम पाण्यानं भिजवून खरवडून काढले. पाटा आरशासारखा झाला तेव्हा स्वारी भलतीच खूश होती.

अंजना मॅट्रिक झालेली. शिशाचे उलट्या अक्षरांचे खिळे एकेक वेचून तिनं स्वतःची पत्रिका जुळवली. वर 'बुद्धं शरणं गच्छामि', खाली डावीकडे नवऱ्याचं नाव, उजवीकडे तिचं. सोपाननं पाय मारला, चाक फिरलं, कागद बाहेर आला. नवरदेव काळाकुळकुळीत उमटला होता आणि अंजनाच्या जागी नुसती धुरकट सावली होती. दाब वाढवायला त्यानं स्क्रू आवळले तशी नवऱ्याची अक्षरं कागद फोडून पार गेली, पण अंजना काही उमटेना. लग्न वीस दिवसांवर आलं होतं. गावोगावच्या पत्रिका आठवड्यात निघायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सांगलीला गेला. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटा धुतलास व्हय?"

सोपाननं अभिमानानं सांगितलं, लख्ख केला. 

"तीस वर्सांची ठिगळं हुती ती, हवालदार. पाटा जितं जितं झिजला, तितं तितं लावल्याली."

सोपानला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. नानासोंनीच काठी मागितली. दुपारच्या एस.टी.नं दोघं तासगावला आले.

नानासोंनी चहा बाजूला ठेवला आणि छापलेला कागद मागितला. तो पालथा केला आणि खिळ्यांचा दाब कुठं कमी पडला ते चाचपत ते मागच्या बाजूनं बोटं फिरवू लागले, अगदी हलकी, तान्ह्या पोराच्या टाळूवरून फिरवावी तशी. मग पतंगाचा कागद फाडून, खळ लावून एक तुकडा पाट्यावर चिकटवला. पुन्हा छाप, पुन्हा बोटं. कुठं तुकडा नखाएवढा, कुठं तांदळाच्या दाण्याएवढा. सोपाननं त्याच जागी बोट टेकून पाहिलं, त्याला काहीच लागलं नाही. पंधरा वर्षं इंजिनं उघडलेला माणूस तो, पण असं कसब त्यानं पाहिलं नव्हतं.  तेविसाव्या तुकड्याला अंजनाचं नाव उमटलं, नवऱ्याच्या नावाइतकंच काळं आणि ठसठशीत.

नानासोंनी ती पत्रिकाही पालथी करून चाचपली. बोटं वरच्या ओळीशी थांबली.

"ही वळ माज्या साच्यातली न्हवं."

सोपाननं ओळ वाचून दाखवली. नानासो खाली मान घालून बसले.

"तुमी लोक माज्या पत्रिका खोडून वाटायचा, मला ठावं हुतं. वळ काढायला दोन मिन्टं लागत्यात. मी काढली न्हाई."

सोपानला राग आला. वडिलांची शाईनं भरलेली बोटं त्याच्या डोळ्यांपुढं आली आणि समोर ही दुसरी बोटं होती, खळीनं माखलेली. 

अंजना पुढं झाली. लग्न तिचं होतं. तिनं ती पत्रिका नानासोंच्या हातातून घेतली, तिच्या मागच्या बाजूला पेनानं त्यांचं नाव लिहिलं आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली.

"नाना, लग्नाला यायचं."