तीनचा चार, चारचा पाच

सकाळी दहा चाळीसला साबण कारखान्याच्या मिश्रण विभागात गरम कॉस्टिक सोड्याच्या नळीचा सांधा फुटला. समोर उभा असलेला ऑपरेटर तोंडावर आणि दोन्ही हातांवर भाजला. गळती दिसताच त्याने व्हॉल्व्ह पाच बंद केला होता. द्रवाची परतीची वाटच बंद झाल्याने दाब वाढत गेला. बंद करायचा होता चार.

दोन मजले वर, प्रशिक्षण विभागातल्या लेखनिक बाईला शिपायाने दारातूनच सांगितलं, "बाई, तुमचे दीर. गाडीत घालून नेलं."

"कशाने?"

"पाच नंबर बंद केला म्हणतात. कसा काय केला, देव जाणे."

पाच म्हटल्यावर ती संगणकाकडे वळली. देव जाणे म्हणायची सोय तिला उरली नव्हती.

मिश्रण विभागात गेल्या आठवड्यापर्यंत चार व्हॉल्व्ह होते. दोन आणि तीनच्या मध्ये नवा एक बसवला, तेव्हा जुन्या तीनचा चार झाला आणि चारचा पाच. रविवारी नव्या पाट्या लागल्या. राहिल्या त्या प्रशिक्षणाच्या स्लाइड्स. एकशे शहाऐंशी फायली होत्या, आणि त्यातल्या गळतीच्या स्लाइड्स प्रत्येक लाइनशेजारच्या पडद्यावर दिवसभर फिरत असत.

"हाताने बदलत बसलात तर निवृत्तीच्या दिवशी संपतील," सेफ्टी ऑफिसर मंगळवारी म्हणाले होते. "ते सॉफ्टवेअर आहे ना? लावा कामाला."

सॉफ्टवेअर सोपं होतं. एका यादीत डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा. बटण दाबलं की सगळ्या फायलींतल्या सगळ्या स्लाइड्स बदलतात. वर्षापूर्वी कंपनीचा पत्ता बदलला तेव्हा तिने अकरा मिनिटांत काम उरकलं होतं. या वेळी तिने दोन ओळी लिहिल्या. पहिली, व्हॉल्व्ह ३ च्या जागी व्हॉल्व्ह ४. दुसरी, व्हॉल्व्ह ४ च्या जागी व्हॉल्व्ह ५.

सॉफ्टवेअर यादी वरून खाली वाचतं. पहिल्या ओळीने सगळ्या तीनचे चार झाले. दुसऱ्या ओळीने सगळे चार उचलले, त्यात हे नुकते झालेलेही आले, आणि त्यांचे पाच केले. ओळी उलट्या क्रमाने लिहिल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. तिने दोन फायली उघडून तपासल्या. दोन्ही जुन्या चारच्या निघाल्या. तिथे पाच असायला हवं होतं आणि पाचच होतं. तिने सही केली, खाली सेफ्टी ऑफिसरांनी केली.

दीर सोमवारीच पॅकिंगमधून मिश्रणात आला होता. जुन्या लोकांच्या हाताला व्हॉल्व्ह पाठ होते, त्याला पडद्याचाच आधार. काल जेवताना तो म्हणाला होता, "वहिनी, तुमचा तो टीव्ही दिवसभर एकच रडगाणं लावतो. आता झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन."

"तुमच्या डोक्याची चाळणी झालीय, भावजी, म्हणून तर लावतो."

शिपाई गेल्यावर तिने गळतीची फाइल उघडली. 'गळती दिसताच व्हॉल्व्ह ५ बंद करा.' दुसरी लाइन चालूच होती आणि तिच्याशेजारच्या पडद्याखाली दुसरा ऑपरेटर उभा होता. तिने मंगळवारच्या आधीच्या प्रती घेतल्या, ओळी उलट्या केल्या, बटण दाबलं. अकरा सोळाला सगळे पडदे बरोबर झाले.

अकरा चाळीसला सेफ्टी ऑफिसरांनी पडद्याचा फोटो काढला. फोटोत चार होतं. बारा वाजता सूचनाफलकावर कागद लागला: ऑपरेटरने लेखी सूचनेविरुद्ध व्हॉल्व्ह बंद केला.

ती त्यांच्या खोलीत गेली. "साहेब, पडद्यावर पाच होतं. मी नंतर बदललं."

त्यांनी उठून दार लावलं. "फोटोत चार आहे, बाई."

"फोटो नंतरचा आहे."

"फोटोत चार आहे. मंगळवारी तपासल्याची सही तुमची आहे, माझी आहे. तोंड उघडलंत तर दोघेही घरी. एका घरातल्या दोन नोकऱ्या घालवायच्या आहेत का तुम्हाला?"

"आणि भावजींचं काय?"

"हलगर्जीपणाचा ठपका लागेल."

"म्हणजे काढूनच टाकणार."

साहेब फोन उचलून कोणाशी तरी बोलू लागले.

दोन वाजता रुग्णालयात धाकटी जाऊ बाकावर बसली होती. तिने हिचा हात घट्ट धरला. "ताई, हे शुद्धीवर आहेत, पण एकच घोकतायत. पाचच लिहिलं होतं, पाचच लिहिलं होतं. कंपनीचा माणूस म्हणतो, भ्रम झालाय. तुम्ही तिथल्याच ना? काय लिहिलं होतं?"

"पाच."

"मग सांगा ना त्यांना!"

"ते मी लिहिलं होतं. चुकून. माझ्या हातून झालं."

जावेने हात सोडला. उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मधली जागा तिघांना पुरेल एवढी होती.

सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं: कोणती फाइल, कितवी स्लाइड, आधी काय, नंतर काय, किती वाजता. मंगळवार, तीन बावन्न. आज, अकरा सोळा. ती कारखान्यात परतली, दोन्ही नोंदी काढल्या आणि कंपनीने दुपारी नेमलेल्या चौकशी समितीच्या तिन्ही सदस्यांना पाठवल्या. वर चार ओळी लिहून खाली स्वतःचं नाव घातलं. तेव्हा चार पस्तीस झाले होते.

पाच दहाला तिचं लॉगिन बंद झालं. तोवर तिघांपैकी एकाने तिने पाठवलेली फाइल उघडली होती. दिराच्या उजव्या डोळ्याबद्दल पट्टी सोडल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सहा वाजता सूचनाफलकावर दुपारचाच कागद होता.