डुगडुगत्या खुर्चीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. पाय चार, पण एका वेळी जमिनीला टेकतात तीनच. माप घेताना सुतार गप्पांत रंगला आणि माझा एक पाय अर्धं बोट आखूड राहिला. त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही.

कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं कोपऱ्यात धूळ खाल्ली. शहाणी माणसं माझ्यावर बसत नसत. मग मालकांची पुतणी कामाला आली. घरचे तिला भिंगरी म्हणत. डॉक्टरांनी कागदावर एडीएचडी, म्हणजे चित्त एका जागी न ठरण्याची अवस्था, असं लिहून दिलं होतं. काकांच्या मते तो आळसच, फक्त इंग्रजीतला.

तिनं मलाच निवडलं. माझ्यावर टकटक डुलत ती मेणात एकेक दात बसवायची, मान वर न करता. उठली की मात्र पंचाईत. पाणी प्यायला गेलेली बाई खिडकीच्या बिजागरीला तेल घालून यायची, तहानलेलीच.

काकांनी पारखून बघायला दिलेली महिन्याची मुदत संपायचा दिवस आला.

"सहाच्या आत ही कवळी पुरी झाली तर नोकरी पक्की. नाहीतर उद्यापासून घरी," काका म्हणाले. आणि जाता जाता माझ्या आखूड पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली. "आता बस नीट!"

मी स्थिर झाले. ती अस्थिर झाली. अकरा वेळा उठली. डावीकडची दाढ उजवीकडे बसवली. चार वाजले.

"चित्त थाऱ्यावर नाही तुझं!"

"होतं, काका. तुम्ही त्याच्याखाली पुठ्ठा घातलात." तिनं वाकून घडी ओढली आणि त्यांच्या हातात दिली. "मी हलत राहिले की डोकं जागेवर राहतं माझं."

"अगं, पण ती टकटक! डोकं उठतं आमचं."

"घासायचं यंत्र दिवसभर किंचाळतं, त्यानं नाही उठत?"

शेजारच्या टेबलावरच्या मावशी खुदकन हसल्या. काकांनी पुठ्ठा खिशात घातला. टकटक पुन्हा सुरू झाली.

सहाला पाच कमी असताना कवळी काकांसमोर आली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, उजेडात धरली. खोट सापडेना, याचं त्यांना बरंच दुःख झालेलं दिसलं.

"ये उद्या," ते म्हणाले. "तुझ्या त्या खुर्चीवरच बस."

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी हात जोडून निगा राखायची विनंती करायची असते. मला हात आहेत, पण ते जोडता येत नाहीत. म्हणून सरळच सांगते: आम्हाला सरळ करायला येण्याआधी, जी बसते तिला विचारा.