पानावरचं बोट

चपलांच्या दुकानातून सुटली की नणंद रोज संध्याकाळी भावाच्या घरी टपकायची. ती दारात दिसायचा अवकाश, तीन वर्षांची ठमी पुस्तक काखोटीला मारून आत्याच्या मांडीत जाऊन बसायची. हेच तिच्या आईला डाचायचं. पोर पोटची आपली, पुस्तक निवडून आणलं आपण, आणि खिदळणं मात्र आत्याच्या वाट्याला! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आई छापखान्यात प्रुफं तपासायची. दिवसभर अक्षरांत डोळे घालणारी बाई ती. वाचनात नणंदेने तिच्यावर मात करावी? तीही एकेका पानावर रेंगाळणाऱ्या नणंदेने? पुस्तकात होतं तरी काय! हत्ती नदीवर गेला, हत्तीने अंघोळ केली, हत्ती घरी आला. आई ते स्पष्ट, खणखणीत वाचायची, एक शब्द गाळायची नाही, तरी ठमी चुळबुळ करायची. आणि आता बाहेरच्या खोलीतून ऐकू यायचं, "सापडली का?" "नाही!" "आता?" मग दोघींचा हशा. काय सापडायचं कोण जाणे. विचारलं तर नाक खाली होणार, म्हणून आई भांडी आपटायची.

एके दिवशी तिचा अगदी तिळपापड झाला आणि तिने पुस्तक कपाटावर टाकून दिलं.

संध्याकाळी ठमीने उशा उलथ्यापालथ्या केल्या, पलंगाखाली पाहिलं आणि शेवटी भोकाड पसरलं.

"वहिनी, पुस्तक दिसलं का गं कुठे?"

"मला काय विचारतेस? काल तुझ्याच हातात होतं."

"असू दे, ठमे. रडू नको. गोगलगाय पळून पळून किती पळणार? उद्या सापडेल."

"कसली गोगलगाय?" आईच्या तोंडून निसटलंच.

"अगं, प्रत्येक पानावर एक लपलेली असते ना! मला कुठली दिसायला? हिनेच दाखवली."

नणंद गेल्यावर आईने स्टूल घेऊन पुस्तक खाली काढलं. हत्तीच्या पायामागे गोगलगाय होती. बादलीच्या कडेला होती. शेवटच्या पानावर तर चक्क उंबऱ्यावर बसली होती. इतक्यांदा वाचूनही तिला चित्रं कधी दिसलीच नव्हती. आणि मग तिला ते इवलं बोट आठवलं. ती वाचत असताना दर पानावर मध्येच यायचं आणि ती ते बाजूला सारायची. "बोट काढ गं, अक्षरं झाकली जातात." नणंदेवर चिडायलाही आता जागा उरली नाही.

"ठमे, ये. गोगलगाय शोधू या."

ठमी आली आणि शेजारी बसली. आईने पहिलं पान उघडलं, पण अक्षर वाचलं नाही, नुसती थांबली. ठमीने बोट उचललं, पानाजवळ नेलं आणि तिथेच अधांतरी धरलं.

"आई," तिने हळूच विचारलं, "ठेवू?"