कोपऱ्यावरचा प्लॉट राखीव आहे

फोटो इतका धूसर होता, की त्यात हॉस्पिटल दिसायला ते आधी मनात असावं लागत होतं. लिफ्टवाल्याच्या मनात ते अकरा वर्षं होतं, त्यामुळे त्याला ते लगेच दिसलं. तीन मजले, पांढऱ्या भिंती, आणि उजव्या अंगाला एक उभी काळी रेघ. ती रेघ त्याने भिंग लावून पाहिली, मोबाइल आडवा धरून पाहिली, डोळे बारीक करून पाहिली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "यंदा लिफ्ट आहे. चालती."

"कुठल्या बिल्डिंगमध्ये?" बायकोने विचारलं. नवरा बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आलेला, म्हणजे प्रश्न रास्तच होता.

"आपल्या शहरात."

बायकोने गॅस बारीक केला.

आपलं शहर म्हणजे मधल्या खोलीतलं. नऊ फूट बाय पाच फुटांच्या फळीवर, प्लास्टिकच्या विटा एकीवर एक दाबून उभं केलेलं. बेकरी, अग्निशमन केंद्र, केशकर्तनालय, सिनेमागृह, रेल्वे स्टेशन, आणि बोटाएवढी माणसं मोजून एकशे बारा. या विटांची कंपनी दर वर्षी शहराचे नवे सेट काढते. ते निघण्याआधी कुठून तरी असा एखादा धूसर फोटो फुटतो आणि जगभरचे शहाणेसुरते लोक त्यावर रात्रंदिवस डोकं लढवतात. सेट जोडायला दोन संध्याकाळी लागतात, वाट बघायला अख्खं वर्ष. खरी हौस यातली कुठली, ते तुम्हीच ठरवा.

या शहरात कोपऱ्यावरचा एक प्लॉट रिकामा होता. बत्तीस बटणं लांब, बत्तीस बटणं रुंद. फळीवरच्या ज्या फुगवट्यांवर विटा घट्ट बसतात, त्यांना हे लोक बटणं म्हणतात. लिफ्टवाल्याने त्या प्लॉटला कुंपण घालून ठेवलं होतं. दरम्यान बँकेचा सेट आला, पेट्रोल पंपाचा आला, पण या जागेला त्याने कुणाचा हात लागू दिला नाही. दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालत्या ठेवणाऱ्या माणसाच्या शहरात एकही लिफ्ट नव्हती, ही गोष्ट त्याला मनातून खात होती. आणि आता ती येणार होती. पंधरा तारखेला.

अडचण एवढीच, की सासूबाई एक तारखेला येणार होत्या. कायमच्या.

सासूबाईंनी चौतीस वर्षं पालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात काढली होती. इतरांच्या लिफ्टच्या फायली त्यांच्या हाताखालून गेल्या. त्या स्वतः मात्र भाड्याच्या घरात, बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. घरमालकाकडे त्यांनी एकोणीस अर्ज केले, मालकाने एकाचीही दखल घेतली नाही. गेल्या महिन्यात जिन्यावरून त्यांचा पाय घसरला, घोटा गेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, जिना आता बंद. लेक म्हणाली, "आई, माझ्याकडे ये." हॉल सोडला तर घरात खोल्या दोनच. म्हणजे मधली खोली आईची आणि शहर खोक्यांत. इतकं सरळ होतं, आणि लिफ्टवाल्यानेही त्यावर वाद घातला नाही. बायकोकडे मागितले ते फक्त पंधरा दिवस.

"हॉस्पिटल येऊ दे. ते लावतो, पूर्ण शहराचा एक फोटो काढतो. मग शब्द नाही काढणार."

"आणि आईला काय सांगू? एकशे बारा माणसं तुझी जागा अडवून बसली आहेत म्हणून?"

"सांग, खोलीत ओल आली आहे. काम चालू आहे."

आता ज्या बाईचा जन्म बांधकाम खात्यात गेला, तिला ओलीची थाप मारायची, याला धाडस म्हणावं की काय म्हणावं? पण आशेला लागलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

सासूबाई आल्या त्या दोन बॅगा, एक काठी आणि टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन. ओलीचं कारण त्यांनी शांतपणे ऐकलं.

"वर कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"गच्ची आहे, आई," लिफ्टवाला म्हणाला.

"मग या दिवसांत ओल कशी?"

"जुनी आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि हॉलमधल्या घडीच्या खाटेवर जाऊन बसल्या. घड्याळ त्यांनी टॉवेलातच ठेवलं. ते 'बरं' लिफ्टवाल्याला दिवसभर टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तो शहरावरची धूळ झटकायला आत गेला, तर बेकरीच्या जिन्यावर बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी. अक्षर मोत्यासारखं. 'नोटीस क्र. १. जिन्याला कठडा नाही. तीन दिवसांत पूर्तता करावी.'

चिठ्ठी घेऊन तो बायकोकडे गेला. "ही चेष्टा तुझी?"

"माझं अक्षर इतकं चांगलं असतं तर शाळेत मार खाल्ला नसता," बायको म्हणाली, आणि दोघांनी एकदमच हॉलकडे पाहिलं. सासूबाई पेपर वाचत होत्या. चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती.

खरं म्हणजे त्याच क्षणी जाऊन माफी मागायला हवी होती. तेवढं त्याला कळत होतं. पण तो मुकाट्याने आत गेला आणि बेकरीच्या जिन्याला कठडा बसवला.

दुसऱ्या दिवशी सिनेमागृहावर नोटीस क्रमांक दोन: बाहेर पडायला एकच दार आहे. त्याने मागची भिंत काढून दुसरं दार केलं. मग स्टेशनवर क्रमांक तीन: 'लोकसंख्या एकशे बारा. शौचालय एकही नाही. माणसं जातात कुठे?' हे वाचून त्याला इतकं हसू फुटलं, की ते हॉलपर्यंत जाऊ नये म्हणून तो खोटंखोटं खोकला. अकरा वर्षांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने स्टेशनच्या मागे बायकांचं आणि पुरुषांचं, अशी दोन शौचालयं बांधली, शिवाय चाकाच्या खुर्चीसाठी उतार काढला. त्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'पाहणी केली. समाधानकारक.'

बावीस वर्षांत साहेबाने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. तो दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीसने माखून काम करत होता आणि मधेच स्वतःशी हसत होता.

जेवताना मात्र कोणी त्या विषयाला हात लावत नव्हतं.

"ओलीचं काम कुठवर आलं, जावईबापू?" सासूबाई वाढून घेता घेता विचारायच्या.

"चालू आहे, आई. पण साहेब फार कडक आहेत."

"असायलाच हवेत."

बायको पाण्याचा पेला तोंडाला लावून हसू लपवायची.

लिफ्टवाला आता संध्याकाळी ओढीने घरी येऊ लागला. त्याचं शहर बघून आजवर लोकांनी छान म्हटलं होतं, किती तास गेले म्हणून विचारलं होतं, पण त्यात माणसं कशी राहतात हे कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंचा त्याला आदर होताच, पहिल्यापासून. आता जीव जडला.

नऊ तारखेला कोपऱ्यावरच्या कुंपणाला चिठ्ठी: 'हा प्लॉट कशासाठी राखीव आहे? लेखी खुलासा करावा.'

इथवर तो विटांनी उत्तर देत आला होता. आता लिहायचं होतं, आणि तो खुशीत होता. त्याने झोकात लिहिलं: 'हॉस्पिटलसाठी. त्यात लिफ्ट आहे. दि. १५ रोजी येईल. त्यानंतर एक फोटो काढून संपूर्ण शहर हटवण्यात येईल व खोली सासूबाईंना देण्यात येईल. आपला नम्र अर्जदार.' चिठ्ठी कुंपणात खोचली आणि शीळ घालत कामाला गेला.

संध्याकाळी चिठ्ठी तिथे नव्हती. नवीनही नव्हती. दहा तारखेला काही नाही, अकराला काही नाही. बारा तारखेला, रात्रीच्या जेवणानंतर संत्रं सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "धाकट्या बहिणीकडे जाईन म्हणते. तिचं घर तळमजल्यावर आहे."

"अगं आई, खोली होतेय ना तयार," लेक म्हणाली.

"कशी होतेय ते मला कळलं. चौतीस वर्षं लोकांच्या पाडकामाच्या फायली पाहिल्या. माझ्या नावाने आणखी एक नको." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी संत्र्याच्या तीन फोडी जावयाच्या ताटात ठेवल्या आणि उठल्या.

आपण काय लिहून ठेवलं, हे लिफ्टवाल्याला तेव्हा कुठे उमगलं. नुसतं 'राहा हो' म्हणून आता भागणार नव्हतं. त्याला सासूबाई जावयाची रीत म्हणाल्या असत्या. शहर आज मोडलं तर नक्कीच जातील. नाही मोडलं, तर राहतील कुठे? आणि त्या जायला नको होत्या. शहरासाठी नाही, त्याला स्वतःला.

दुसऱ्या दिवशी तो एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासत होता. खाली आठ माणसांची पेटी लटकत होती, आणि त्याला त्यात नवल वाटण्याचं काही कारण नव्हतं. रोजचंच काम. पण त्या दिवशी तो हात थांबवून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने साहेबाला फोन करून दोन दिवसांची रजा मागितली.

फळी चार तुकड्यांची होती. नवरा-बायकोने शहर उचलून हॉलमध्ये आणलं. बेकरी फ्रिजवर गेली, सिनेमा टेबलावर, स्टेशन सासूबाईंच्या पायाशी. मग मधल्या खोलीतून ड्रिलचा आवाज सुरू झाला.

"ओल?" सासूबाईंनी दारावर काठी वाजवून विचारलं.

"ओलच, आई," आतून उत्तर आलं.

"आवाज फार मोठा आहे."

"खोलवर गेली आहे."

पंधरा तारखेला सकाळी खोकं आलं. वर झकास रंगीत चित्र: हॉस्पिटल, आणि काळी रेघ म्हणजे खरंच लिफ्ट. लिफ्टवाल्याने ते हलवून पाहिलं, कानाशी धरलं, आणि न उघडता कपाटावर ठेवून दिलं. ज्याला हा नाद आहे त्यालाच कळेल, याला काय जिगर लागते. मग त्याने पूर्ण पानावर अर्ज लिहिला आणि सासूबाईंपुढे उभा राहिला. त्यांच्या बॅगा भरलेल्या होत्या. बहीण दुपारी न्यायला येणार होती.

'विषय: शहर छताला टांगण्याची परवानगी मिळणेबाबत.'

सासूबाईंनी चष्मा लावून अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला. मग काठी घेतली. "जागेची पाहणी केल्याशिवाय सांगता येणार नाही."

मधल्या खोलीत खिडकीशी पलंग होता, शेजारी कपाट. पलंगावर चार पोलादी दोरांना शहर लटकत होतं, कमरेएवढ्या उंचीवर. लिफ्टवाल्याने भिंतीवरच्या चेनपुलीची साखळी ओढायला सुरुवात केली. बेकरी, स्टेशन, सिनेमा आणि दोन शौचालयं सावकाश वर गेली आणि डोक्याच्या वर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर थांबली. शहराच्या पोटाला वाचायचा दिवा लावलेला होता, बरोबर उशीच्या वर.

"दोर?" सासूबाईंनी विचारलं.

"लिफ्टचा आहे."

"चाचणी?"

"तुमची मुलगी आणि मी, दोघं बसलो होतो फळीवर."

"किती वेळ?"

"चहा पिऊन होईपर्यंत."

"ब्रेक?"

"दोन. एक गेला तर दुसरा धरतो."

"जबाबदार कोण?"

"मी. रोज सकाळी तपासेन. दिवसा खाली, झोपायच्या वेळी वर."

सासूबाईंनी अर्ज पुन्हा डोळ्यांखालून घातला. "अर्जात एक त्रुटी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "खाली राहणारी व्यक्ती किती दिवसांसाठी, ते लिहिलेलं नाही."

"ते वेगळ्या कागदावर आहे," लिफ्टवाला म्हणाला आणि दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथे बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर गिचमिड, पण जीव ओतून काढलेलं. 'भोगवटा प्रमाणपत्र. खोली: मधली. भोगवटादार: आई. मुदत: कायम.'

घर राहायला योग्य आहे, आता खुशाल राहा, असं सांगणारा हा कागद सासूबाईंनी चौतीस वर्षांत हजारो लोकांच्या हातात दिला होता. त्यांच्या स्वतःच्या नावाचा कधी निघाला नव्हता. त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"शिक्का नाही," त्या म्हणाल्या.

"तो तुमच्याकडे असेल ना?"

"निवृत्तीच्या दिवशी जमा केला." त्यांनी लेकीकडे वळून पाहिलं. "मावशीला फोन कर. म्हणावं, काम निघालं आहे. आणि ते घड्याळ काढ टॉवेलातून." मग जावयाकडे बघून म्हणाल्या, "खोकं आणा."

"तुम्ही राहणार असाल तरच उघडायचं ठरवलं होतं," लिफ्टवाला म्हणाला.

"ते मला कपाटावर दिसलंच. आणा."

हॉस्पिटल बांधायला तिघांना दोन दिवस लागले, कारण दर मजल्याला सासूबाईंनी पाहणीसाठी काम थांबवलं. लिफ्ट बसल्यावर त्यांनी एकशे बारा माणसांतून पांढऱ्या केसांची एक म्हातारी निवडली, पेटीत उभी केली आणि बाजूची बारीक मूठ स्वतः फिरवली. म्हातारी तिसऱ्या मजल्यावर जाऊन थांबली. सासूबाईंनी तिला खाली आणलं, पुन्हा वर नेलं. असं किती वेळा केलं, ते कुणी मोजलं नाही.

सकाळी लिफ्टवाल्याने ब्रेक तपासून शहर खाली घेतलं. हॉस्पिटलच्या दाराला चिठ्ठी होती, मोत्यासारख्या अक्षरात. 'पाहणी केली. लिफ्ट समाधानकारक. खोलीत ओल आढळली नाही.'