रोज दहापैकी नऊ

बावीस वर्षं मी हॉस्पिटलात रक्त काढते. मुलांच्या वॉर्डात एखादं हट्टी पोर असलं की सिस्टर मलाच बोलावणार. शीर दिसली नाही तरी बोटाला लागते. दाबलं की हलकेच उसळते. मग उजव्या मनगटातला मज्जातंतू दबला आणि तीच बोटं बधिर झाली. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, बधिरपणा मात्र तसाच.

फिजिओथेरपिस्ट पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण एकदम कडक. "काकू, मेंदूला नव्याने शिकवायचंय. डोळे मिटून तांदळातली वस्तू चाचपा, ओळखा, मग डोळे उघडून बघा. चुकाल. चुकलेलं बघूनच बोटं शिकतात."

पहिल्या दिवशी दहापैकी आठ चुकले आणि मी तांदळाची परात भिरकावली. दोन दिवस घरभर तांदूळ पायाखाली येत होते. मग असं ठरलं की मी डोळ्यांवर रुमाल बांधायचा, चूक-बरोबर नवऱ्याने सांगायचं आणि वहीत मांडायचं. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. मिनिटभराचा फरक त्याला खपत नाही, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

दीड महिन्यात वही भरली. रोज दहापैकी नऊ. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "छान आहे, पण कामावर जाण्याआधी एकदा माझ्यासमोर करून दाखवा." मी वही तिच्यापुढे सरकवली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" खरं सांगायचं तर 'बटण' म्हटल्यावर कधीकधी मलाही वाटायचं, हे बटण नसावं. पण 'बरोबर' ऐकायला कुणाला नको असतं?

आज कामाचा पहिला दिवस होता. चार वर्षांची पोरगी, बारीक दंड. बोट फिरवलं, शीर लागल्यासारखी वाटली, सुई घातली. रक्त नाही. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा ती रडायचीही थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईने मुकाट्याने तिचा हात ओढून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले, चहासुद्धा न घेता परात पुढे ओढली. रुमाल बांधला, चाचपलं आणि म्हटलं, "किल्ली."

"बरोबर," नवरा म्हणाला.

मी रुमाल खाली ओढला. हातात कपड्यांचा चिमटा होता.

"अहो, ही किल्ली?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "त्या दिवशी परात फेकलीस ना, तेव्हाचा तुझा चेहरा मला बघवला नाही गं. वाटलं, जरा हुरूप आला की होईल सगळं नीट."

"आज एका पोरीला मी तीनदा भोसकलं. तुमच्या हुरुपाने."

मला इतका राग आला होता की परात पुन्हा भिरकावली असती. पण चुका बघायच्या नव्हत्या त्या मलाच, रुमालही मीच बांधला होता.

"उद्या साहेबांना सांगणार आहे, मला मुलांकडे पाठवू नका," मी म्हटलं. "कधीपर्यंत, असं विचारतील. तेव्हा आता तरी खरं सांगा. यातले खरे किती?"

त्याने वहीची पानं मागे उलटली. "पहिल्या आठवड्यात तीन-चार असायचे."

"आणि नंतर?"

"नंतर तुझ्या हातात काय आहे ते मी बघायचंच सोडलं."