निळ्या पट्टीचं पुस्तक

पोखर्णीच्या अलीकडच्या एका वस्तीशाळेत राजेश्री मॅडम तिसरी-चौथीला शिकवत. वाचनाची पुस्तकं त्यांनी स्वतः लावली होती: अक्षरांची लाल पट्टी, वाक्यांची पिवळी, उताऱ्यांची हिरवी, गोष्टींची निळी. चाचणीत मुलाची जी पातळी निघेल, त्याच रंगाचं पुस्तक त्यानं घ्यायचं. वर्षातून तीनदा चाचणी व्हायची आणि प्रत्येक मुलाचा कागद मॅडम फाइलला नीट लावून ठेवत.

येडबा मेंढपाळाची शालू मात्र रोज निळ्या फळीपाशी जाऊन उभी राहायची. मेंढरांच्या कळपाचं चित्र असलेलं एक पुस्तक तिला फार आवडायचं. ते ती मांडीवर घेऊन बसायची, पानं उलटायची, ओठ हलवायची.

"शालू, ते तुझ्या पातळीचं नाही. ठेव बरं जागेवर. आधी पिवळं पक्कं कर," मॅडम म्हणायच्या. त्यात राग नसायचा. अवघड पुस्तक हातात पडलं की मूल बिचकतं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

चाचणीच्या दिवशी शालूसमोर उतारा ठेवला. छापलं होतं, 'शेळी पाला खात आहे.' शालूनं वाचलं, "शेळी पाला खायलीय." 'आजीला ऐकू येत नाही' याचं तिनं "आजीला ऐकू येत न्हाई" केलं. मॅडमची पेन्सिल फुल्या मारत गेली. एका उताऱ्यात अकरा फुल्या. पातळी: वाक्य. डिसेंबरात तेच, मार्चमध्येही तेच. चौथीत गेल्यावरही वाचनाच्या तासाला शालूला दुसरीच्या पोरांत बसावं लागलं. पालकसभेला तिची आई अंबाबाई आली, तेव्हा मॅडमनी कागद दाखवून सगळं सांगितलं. त्या बाईनं मान हलवली आणि काही न विचारता निघून गेली.

दिवाळीनंतर शालू आली नाही. बाप मेंढरं घेऊन चारठाण्याच्या बाजूला गेलाय, पोरगीही सोबत गेली, असं कळलं. मॅडमनी दोनदा निरोप धाडला, मग इतर कामं मागे लागली.

फेब्रुवारीत तालुक्याला प्रशिक्षण होतं. सिद्धोधन सर नावाच्या प्रशिक्षकांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि विचारलं, "मुलानं 'खात आहे'चं 'खायलंय' वाचलं, तर चूक धरायची का?"

"धरायचीच की सर," दहा-बारा जण बोलले. मॅडमही त्यांतच होत्या.

"का? अर्थ कळला नसता, तर त्यानं तो आपल्या बोलीत सांगितला कसा असता? जे मूल नुसती अक्षरं जुळवतं, ते छापलंय तेच म्हणतं. हे पोरगं वाक्य समजून घेऊन घरच्या भाषेत बोललंय. अशा मुलाला आपण खालच्या पातळीवर ठेवतो."

मॅडमच्या हातातला पेन थांबला. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या त्यांनी फाइलमधून शालूचा कागद काढला. अकरा फुल्यांमधल्या नऊ तसल्याच होत्या.

पुढच्या रविवारी निळ्या पट्टीचं ते पुस्तक पिशवीत घालून त्या चारठाण्याला गेल्या. विचारत विचारत एका रिकाम्या रानात पोचल्या. खतासाठी येडबानं तिथं मेंढरं बसवली होती. अंबाबाईनं पाणी दिलं. शालू कोकराला औषध पाजत होती.

"शालू, तुला वाचता येत होतं गं," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी झाली. तुझं बोलणं मी चूक धरत गेले."

शालूनं आईकडं पाहिलं. "न्हाई मॅडम. मला कुटं वाचता येतंय? माझी पातळी खालची हाय."

"अवो, औषधाच्या बाटलीवरचं तिचा बाप तिच्याकडूनच ऐकतो," अंबाबाई म्हणाली. "किती पाजायचं, कदी पाजायचं, समदं तीच सांगती."

"मग हे वाचणं नाही तर काय?" मॅडमनी विचारलं.

"ते वाचनं न्हाई. ते नुसतं बघून सांगते मी," शालू म्हणाली आणि कोकराचं तोंड पुसू लागली.

मॅडमनी पुस्तक पुढं केलं. पोरीनं हात मागं घेतला. "ते मोठ्या पोरायचं हाय," ती म्हणाली.

अंबाबाई हळू आवाजात बोलली, "आमाला वाटायचं पोरगी हुशार हाय. पर तुमी कागद दाखवला. तुमी शिकलेल्या, तुमी सांगता ते खरंच असंल. मग म्हनलं, शाळंत बसवून काय करायचं, बापाला तर हात व्हईल." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मॅडमना सहन होईना. जूनमध्ये तिला पाठवा, मी स्वतः शिकवीन, असं त्यांनी परत परत सांगितलं. "बघू," अंबाबाई म्हणाली.

जून आला, शालू आली नाही. मॅडम पुन्हा चारठाण्याला गेल्या, तर रान मोकळं होतं. कळप जिंतूरच्याही पुढं गेला होता आणि येडबाचा फोन लागत नव्हता.

सप्टेंबरात सतत गैरहजर मुलांची यादी करायची होती. मुख्याध्यापक किशनराव सरांनी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "पालकांचे स्थलांतर लिहा मॅडम, बाकीच्यांचंही तेच आहे."

"सर, शालूचं तेवढंच कारण नाही."

"मग काय लिहायचं?"

घंटा झाली, पोरं व्हरांड्यात धावली. मग मॅडमनी सर म्हणाले तेच लिहिलं.