कड्या आणि रेघा

माझ्या धाकट्याचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. नवी सून घरात आली ती दोन बॅगा आणि एक कुलूपबंद पेटी घेऊन. पेटीत सोनं असणार, असं माझे दीर सगळ्यांना सांगत सुटले. निघालं यंत्र.

सून हवेतल्या धुळीचा अभ्यास करायची. मी आणि दीर सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होतो. मी पॅकिंगमध्ये, दीर कटाईच्या शेडचे मुकादम. पत्रा कापला की पांढरी धूळ उडायची, आणि दीर वर्षभर खोकत होते. मालक म्हणायचे, साधी सिमेंटची भुकटी आहे. सुनेला संशय होता की पत्र्यात घातलेल्या दगडी धाग्याचे तुकडे हवेत तरंगतायत. ते छातीत रुतले की निघत नाहीत. तिने मालकांची पाठच धरली आणि कबूल करून घेतलं: धागे दिसले तर शेड बंद, माणसांना दुसरीकडे काम. पण तपासायला एकच सकाळ मिळेल.

यंत्र हवा ओढायचं आणि एकेक कण उजेडाच्या बारीक झोतातून सोडायचं. कणावर आपटून उजेड जसा फाकेल, तसं चित्र पडद्यावर उमटायचं. कण गोल असला तर कडीत कडी. वेडावाकडा असला तर नुसते ठिपके. धागा असला तर सरळ रेघ. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण याला अक्षरं लागत नव्हती.

सकाळी यंत्र लावलं. पडद्यावर कड्या, पुन्हा कड्या, नुसत्या कड्याच. मालक गालात हसले. सून मात्र पडद्याला नाक लावून बसली होती. मग तिने मान वर केली. भुकटी इतकी गोल नसते, म्हणाली, इतका गोल फक्त थेंब असतो. आणि तिने खाली पाहिलं. फरशी ओली होती.

"काका, पाणी मारलंत?"

"मारणारच की," दीर म्हणाले. "घरची सून पहिल्यांदा शेडमध्ये येणार, तिला धुरळ्यात उभी करू?"

पहाटेपासून ते नळी धरून फवारत होते. तपासणीला साहेब येणार म्हटलं की शेड अशीच धुवायची रीत होती. इतक्या वर्षांत आलेल्या कोणत्याच साहेबाला म्हणून तिथली खरी हवा दिसली नव्हती.

मालक घड्याळ बघत निघाले. दीर दारात आडवे आले, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. चहा येईतो दारं-खिडक्या उघडून पंखे लावले, फरशी वाळवली. मग सुनेने दीरांच्या तोंडाला जाड फडकं बांधलं आणि त्यांनी स्वतः कोरडा पत्रा करवतीखाली घातला.

आधी ठिपके आले. मग एक रेघ. मग दुसरी, तिसरी, पडदाभर रेघा! मी सुनेचा दंड इतका आवळला की ती ओरडली. दीर करवत सोडून धावत आले, लॉटरी लागल्यासारखे.

"वहिनी, ही बघा, अजून एक! मालक, इकडे या, चष्मा लावा!"

मग त्यांनी छातीवर हात ठेवला. पण लगेच सुनेची पाठ थोपटली. त्याच दुपारी शेडला कुलूप लागलं, आणि ते लावायचा मान दीरांनी कुणाला दिला नाही.

शेडमधली बाकीची माणसं पॅकिंगमध्ये माझ्याकडे आली. माझे दीर त्यानंतर तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, छातीच्या त्याच दुखण्याने वारले.